उच्चार आणि उंबरठा

२००५ साली मी पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये उच्चार शिकवत होतो. हुद्दा मोठा होता, 'व्हॉइस अँड ॲक्सेंट ट्रेनर'. नव्यानं भरती झालेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींना तीन आठवड्यांत अमेरिकेतल्या माणसाशी फोनवर बोलण्यालायक करायचं, हे काम. मी ज्या विभागासाठी शिकवत होतो तिथं क्रेडिट कार्डाची थकबाकी वसूल केली जाई. रात्री पुण्यात बसून ओहायोतल्या किंवा टेक्सासमधल्या कुणाला तरी विचारायचं, तुमचे इतके डॉलर थकलेत, कधी भरताय?

प्रत्येक उमेदवारामागे एक गुणपत्रक असे. व्याकरण, वेग, स्पष्टता असे रकाने आणि शेवटचा रकाना 'एमटीआय'. मदर टंग इन्फ्लुअन्स, म्हणजे मातृभाषेचा प्रभाव. हा प्रभाव जितका जास्त तितके गुण कमी. मातृभाषा हा दोष म्हणून छापलेला कागद मी रोज भरत होतो आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं.

एका तुकडीत बार्शीकडची एक मुलगी होती. बी.कॉम. झालेली, हिशेबात पक्की. वर्गात सगळ्यांत जास्त इंग्रजी तिनंच वाचलेलं होतं, पण ते सगळं डोळ्यांनी. कानांवर ते कधी पडलंच नव्हतं. 'डिटर्मिन'ला ती 'डिटरमाइन' म्हणायची, 'व्हेज्टबल'ला 'व्हेजिटेबल'. एक दिवस संवादाचा सराव चालू असताना कर्ज या अर्थाचा इंग्रजी शब्द आला आणि तिनं तो 'डेब्ट' असा वाचला, मधला 'बी' चांगला ठणठणीत. मी थांबवलं. म्हटलं, 'डेट. बी बोलायचा नाही.' ती म्हणाली, 'डेट म्हणजे तारीख ना, सर?' मी सांगितलं, तारखेतला ए लांब, हा आखूड. देवनागरीत आखूड ए लिहायची सोयच नाही. तेलुगू किंवा कन्नड लिहिणाऱ्याला हे एका अक्षरात कळलं असतं. तिनं दोनदा म्हणून पाहिलं आणि मग विचारलं, 'पण सर, बोलायचाच नाही तर तो बी लिहिलाय कशाला?'

वर्ग हसला. मीही हसलो. म्हटलं, 'इंग्रजी अशीच आहे. प्रश्न विचारत बसायचं नाही, पाठ करायचं.'

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी निवडलेल्यांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. जाताना ती 'थँक यू, सर' म्हणाली. तिच्या 'थँक'मधला थ आपला थाळीतला थ होता, इंग्रजीतला नव्हे. लाजेनं सांगतो, त्या क्षणीही मनातल्या मनात मी शेवटच्या रकान्यात तिचा एक गुण कापला.

पुढं काही वर्षांनी, ते काम सोडल्यावर, तिच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं. जुन्या इंग्रजी लेखनात या शब्दात 'बी' नव्हताच. फ्रेंचकडून आलेला तो साधा शब्द होता, जसा बोलत तसा लिहीत. सोळाव्या शतकाच्या सुमारास पंडितांना वाटलं, की शब्दाचं थोर लॅटिन कूळ अक्षरांत दिसलं पाहिजे. लॅटिनमध्ये 'डेबिटुम' होतं म्हणून त्यांनी 'बी' घुसवला. संशय या अर्थाच्या 'डाउट'मध्येही तसाच घातला. 'आयलंड'मधला 'एस'ही असाच मागाहून येऊन बसलेला. तोंडानं ही अक्षरं स्वीकारली नाहीत, कागदानं स्वीकारली. शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' या नाटकात होलोफर्नीस नावाचा एक पंतोजी आहे. लोक या शब्दांतला 'बी' उच्चारत नाहीत म्हणून तो चिडतो. १५९८ साली छापलेल्या त्या नाटकात हसू होतं ते 'बी' उच्चारा म्हणणाऱ्या मास्तराचं. पुण्यातल्या वर्गात हसू झालं ते 'बी' उच्चारणाऱ्या मुलीचं. दोन्हीकडे शब्द एकच आणि अक्षरही एकच.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्यामागं आहे. उच्चार 'बरोबर' असणं म्हणजे नेमकं काय, आणि तो बरोबर करून देणाऱ्याचं कर्तव्य काय?

आधी त्या कामाची रास्त बाजू सांगतो. मी शिकवत होतो ते सगळंच थोतांड नव्हतं. 'फिफ्टी' आणि 'फिफ्टीन' यांतला आघात चुकला, तर पंधरा डॉलरचे पन्नास होतात आणि पलीकडचा माणूस रागावतो. मराठीत आपण शब्दाची अक्षरं साधारण सारख्या जोरानं म्हणतो. इंग्रजी शब्द एका अक्षरावर भार देतो आणि बाकीची गिळून टाकतो. भार चुकीच्या जागी पडला, की इंग्रजी कानाला शब्दच ओळखू येत नाही. दुसरी गोष्ट प, ट आणि क यांची. इंग्रज माणूस 'पिन' म्हणतो तेव्हा त्याच्या प मध्ये हवेचा झोत असतो, जवळजवळ आपल्या फ च्या जुन्या उच्चारासारखा. आपण कोरडा प म्हणतो आणि त्याला तो ब वाटतो. 'पॅक' म्हणावं तर 'बॅक' ऐकू जातं. गंमत अशी, की हा झोत आपल्याला चांगला ओळखू येतो, आपल्या वर्णमालेत त्यासाठी वेगळी अक्षरं आहेत. इंग्रजाला मात्र स्वतःच्या तोंडातला हा फरक सहसा जाणवतही नाही. असं काही शिकवलं, की पोरांचे डोळे लकाकत. ते ज्ञान होतं, ते उपयोगी होतं आणि त्यात कुणाचा अपमान नव्हता.

पण गुणपत्रकाचा शेवटचा रकाना कळण्या-न कळण्याबद्दल नव्हता. थाळीतल्या थ नं 'थँक यू' म्हटलं तर जगात कुणालाही कळतं. तरी मी गुण कापला. म्हणजे मी दोन वेगळ्या गोष्टी एकाच पट्टीनं मोजत होतो. एक, समोरच्याला कळावं म्हणून उच्चार. दुसरी, समोरच्यानं आत घ्यावं म्हणून उच्चार. पहिल्यात शिक्षक असतो. दुसऱ्यात दारावरचा पहारेकरी असतो आणि बहुतेक वेळा त्यानं शिक्षकाचेच कपडे घातलेले असतात.

या पहाऱ्याची सर्वांत जुनी आणि भीषण गोष्ट बायबलमधल्या 'शास्ते' या पुस्तकात आहे. लढाईत हरलेले एफ्राइमचे लोक यार्देन नदीच्या उतारावर आले, की गिलादचे लोक त्यांना 'शिब्बोलेथ' म्हणायला लावत. ज्याच्या तोंडून 'सिब्बोलेथ' निघे त्याला तिथंच मारत. त्या पुस्तकातला आकडा बेचाळीस हजारांचा आहे. जगणं आणि मरणं यांच्यामध्ये फरक होता तो श आणि स यांचा.

मराठी वाचकाला हा फरक परका नाही. मी मराठवाड्यातल्या एका खेड्यात वाढलो. आमच्या घरात सगळे 'साळा' म्हणत. पहिलीच्या पहिल्या आठवड्यात गुरुजींनी मला उभं केलं आणि दहा वेळा 'शाळा' म्हणायला लावलं. मी जिथं शिकायला आलो होतो त्या जागेचं नावच मला नीट घेता येत नाही, हा मला मिळालेला पहिला धडा. मग 'पानी'चं 'पाणी' झालं, 'लोनी'चं 'लोणी'. वर्गातल्या काही मुलांना हे घरूनच येत होतं. ती मुलं कोण आणि आम्ही कोण, हे सांगायला कुणाचं आडनाव विचारावं लागत नव्हतं. तोंड उघडलं की पुरे.

म्हणून इंग्रजीनं आम्हाला उच्चारावरून लाजायला शिकवलं, असं कुणी म्हणालं तर मला ते खरं वाटत नाही. लाजायला आम्ही मराठीतच शिकलो होतो. पु. ल. देशपांड्यांनी बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' मराठीत आणलं, १९७५ साली 'ती फुलराणी' रंगभूमीवर आलं, तेव्हा त्यांना मंजुळेला इंग्रजी शिकवावं लागलं नाही. मराठीच पुरेशी होती. लंडनच्या एलायझाला जी दरी ओलांडायची होती ती आपल्या घरात आयती तयार होती. आणि दोन्ही नाटकांचा काटा शेवटी एकाच ठिकाणी रुततो: शुद्ध बोलायला शिकवून झालं, पैज जिंकून झाली, आता या मुलीनं जायचं कुठं? पैज लावणाऱ्याच्या डोक्यात हा प्रश्न कधी आलेलाच नसतो.

मराठीत एक म्हण झालेलं वाक्य आहे: 'जात नाही ती जात'. कागदावर दोन्ही 'जात' सारखे दिसतात. तोंडात मात्र पहिल्या 'जात'चा ज वेगळा आहे. तो 'जाणे' या क्रियापदातला, जिभेचं टोक दातांमागे टेकवून केलेला. दुसरा ज 'जाती'तला, टाळूचा. बाहेरून मराठी शिकणाऱ्याला हे लिपी सांगत नाही. च, ज आणि झ यांचे हे दोन-दोन उच्चार कानानंच शिकावे लागतात. म्हणजे लिहितो एक आणि बोलतो दुसरं, ही खोड फक्त इंग्रजीची नाही. मराठी शिकणारा एखादा तमिळ किंवा बंगाली माणूस 'चमचा' चुकीचा म्हणतो तेव्हा आपण त्याच्याकडे कौतुकानं बघतो. आपल्याच जिल्ह्यातला माणूस 'साळा' म्हणतो तेव्हा तसं बघत नाही. चूक दोघांची सारख्याच वजनाची, पण पहिल्याच्या चुकीतून तो आपल्याकडे येताना दिसतो आणि दुसऱ्याच्या चुकीतून तो कुठून आला ते दिसतं.

आता बरोबर-चूक ठरवतं कोण ते पाहू. डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश १९१७ साली आला. त्यात नोंदवलेला उच्चार कुणाचा, हे त्यांनी लपवलं नव्हतं: दक्षिण इंग्लंडमधल्या ज्या कुटुंबांतले पुरुष मोठमोठ्या निवासी शाळांत शिकले, त्यांचा. तो इतरांवर लादावा असा त्यांचा आग्रह नव्हता. ते नोंद करत होते. पण कोश एकदा छापला, की नोंदीचा नियम व्हायला वेळ लागत नाही. बीबीसीनं १९२६ साली बोललेल्या इंग्रजीसाठी सल्लागार समिती नेमली. कवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे पहिले अध्यक्ष, आणि नंतर हे पद आलं 'पिग्मॅलियन' लिहिणाऱ्या शॉकडे. भाषेची जाण असलेली ही माणसं एकत्र बसत आणि एकेका शब्दावर त्यांचं एकमत होणं कठीण जाई.

आणि चुकीचा उच्चार नेहमी चूकच राहतो असंही नाही. पुण्याजवळची खडकी इंग्रजांच्या तोंडात 'कर्की' झाली. १८१७ साली तिथं पेशव्यांशी झालेली लढाई त्यांच्या इतिहासात त्याच नावानं गेली आणि तिथल्या युद्धस्मशानाच्या नावात ते आजही आहे. तिरुवनंतपुरमचं 'ट्रिवेंड्रम' झालं. तमिळमधलं 'मिळगु तण्णीर', म्हणजे मिऱ्याचं पाणी, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर 'मलगटॉनी' सूप म्हणून आलं. यांतल्या कशालाही कुणी 'मातृभाषेचा प्रभाव' म्हटलं नाही. त्याला नकाशा म्हटलं, शब्दकोश म्हटलं. आपणही 'प्लॅटफॉर्म'चा 'फलाट' केला, तो आता इतका आपला झाला आहे, की रेल्वेच्या मराठी उद्घोषणेत तोच शुद्ध शब्द आहे. पण 'स्टेशन'चं 'टेशन' विनोदापुरतं उरलं. तोडफोड दोन्ही शब्दांची सारखीच झाली होती. एकाला प्रतिष्ठितांनी तोंडात घेतलं, दुसऱ्याला नाही.

इथवर आल्यावर एक सोपी वाट दिसते. सगळा सत्तेचाच खेळ असेल तर उच्चार शिकवायचेच कशाला? ज्यानं त्यानं आपापल्या तऱ्हेनं बोलावं. चर्चासत्रात हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे आणि टाळ्याही वाजवल्या आहेत. पण हे बोलणाऱ्यांची मुलं बहुधा उत्तम इंग्रजी शाळेत जातात. ज्याला दार आधीच उघडं आहे त्याला दाराचं महत्त्व नाकारणं स्वस्तात पडतं. सावित्रीबाई फुल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आपल्या कवितेत इंग्रजीला माउली म्हटलं, ते साहेबाच्या प्रेमापोटी नव्हे. मातृभाषेतल्या विद्येची दारं ज्यांना शतकानुशतकं बंद होती त्यांना ही परकी दार उघडताना दिसत होती. बार्शीकडची ती मुलगी त्या दालनात आली होती ती नोकरीसाठी. तिला 'तुझा उच्चार तुझी अस्मिता आहे' असं सांगून घरी पाठवलं असतं, तर तेही तिच्या ताटातला घास काढून घेणंच झालं असतं. फक्त गोड बोलून.

तेव्हा शिकवायलाच हवं. प्रश्न उरतो तो कसं आणि काय सांगून. मला आता वाटतं, उच्चार शिकवणाऱ्यानं प्रत्येक वेळी दोन गोष्टी सांगायला हव्यात: इथं असं बोलतात, आणि असं बोलणं बरोबर आहे हे अमक्यांनी अमक्या काळी ठरवलं. पहिली गोष्ट लपवली तर विद्यार्थ्याची नोकरी जाते. दुसरी लपवली तर त्याला वाटत राहतं, की आपल्या जिभेतच काही खोट आहे. मी पहिली सांगितली, दुसरी सांगितली नाही. सांगण्याइतकी मला माहीतही नव्हती, आणि माहीत नसलेलं झाकायला मी हसलो.

ऐकणाऱ्याचंही एक देणं असतं. बोलणं हे दोघांनी मिळून उचलायचं ओझं आहे. फ्रेंच माणूस त्याच्या घोगऱ्या र नं इंग्रजी बोलतो तेव्हा आपण कान टवकारतो, अर्धे शब्द अंदाजानं भरून घेतो आणि वर 'किती गोड बोलतो' म्हणतो. तेवढेच कष्ट आझमगढच्या, मेदिनीपूरच्या किंवा बार्शीच्या इंग्रजीसाठी घेत नाही. न कळण्याचा दोष तिथं लगेच बोलणाऱ्यावर जातो. आमच्या कॉल सेंटरमध्ये मुलांना फोनपुरती अमेरिकी नावं घ्यायला लावत, कारण गिऱ्हाइकाला 'ज्ञानेश्वर' म्हणणं अवघड. पण 'चायकोव्हस्की' म्हणणंही सोपं नाही, आणि ते तो माणूस शिकलेला असतो. कुणासाठी जीभ वळवायची, हे जीभ ठरवत नाही.

या बाबतीत भारतीय माणसाला खरं तर बाहेरून शिकण्यासारखं फारसं नाही. एका 'ज्ञान' शब्दाकडे पाहा. मराठी माणूस 'द्न्यान' म्हणतो, हिंदी माणूस 'ग्यान' म्हणतो, गुजराती 'ग्नान'. मूळ संस्कृत उच्चार यांपैकी एकही नाही. तरी रेल्वेच्या डब्यात हे तिघं समोरासमोर बसले, तर ज्ञानावरून भांडतील, ज्ञ वरून भांडणार नाहीत. आपण एकमेकांचे उच्चार शतकानुशतकं सहन करत आलो, किंवा खरं म्हणजे ऐकत आलो. इंग्रजी आली, की हे सगळं विसरून आपण एकमेकांचे परीक्षक होतो. इंग्रजांची मुलं आपल्याला हसत नाहीत इतकी आपली मुलं एकमेकांना हसतात.

दुरुस्त कसं करावं, हे मला एकदा अनुभवायला मिळालं. हैदराबादच्या एका चर्चासत्रात निबंध वाचताना मी अतिशयोक्ती या अर्थाचा इंग्रजी शब्द 'हायपरबोल' असा उच्चारला. तीन वेळा. तोही मी फक्त पुस्तकात वाचला होता. उच्चारांचा माजी शिक्षक असूनही. नंतर चर्चेत एक वयस्क प्राध्यापिका उठल्या. मूळच्या तेलुगू. माझ्या मुद्द्याशी त्यांचा मतभेद होता आणि तो त्यांनी स्पष्ट मांडला. मांडताना तोच शब्द त्यांनी दोनदा वापरला, 'हायपर्बली' असा, सावकाश, माझ्याकडे न पाहता. सभागृहातल्या कुणाला काही कळलं नसेल. मला कळलं. उत्तर देताना मी तो शब्द त्यांच्यासारखा म्हटला आणि त्या जरा मान हलवून वही लिहीत राहिल्या.

घरी जाताना मला जाणवलं, हे मी आधी पाहिलेलं आहे. लहान मूल 'चॉकलेट'ला 'तॉतलेत' म्हणतं तेव्हा आई त्याला थांबवत नाही. 'हो का, चॉकलेट हवंय होय?' एवढंच म्हणते आणि चॉकलेट देते. मागणी ऐकली जाते, शब्दही मिळतो. पहिलं झाल्याशिवाय दुसरं घडत नाही. मी त्या मुलीचा शब्द दुरुस्त केला. तिचा प्रश्न ऐकला नाही.

ती पुढं काय करते, मला ठाऊक नाही. तिला दुसरीकडे नोकरी मिळाली असेल. हिशेबात पक्की होती. ती हे वाचण्याचा संभव कमी. तरी कुणी दुसऱ्या वर्गात दुसऱ्या मुलीनं तोच प्रश्न विचारेल, म्हणून उत्तर लिहून ठेवतो. बाई, तो बी बोलायचा नाही. तो काही लोकांनी आपली थोरवी दिसावी म्हणून शब्दात आणून ठेवला, आणि पुढं कुणी काढला नाही. नोकरीपुरतं तू तो गिळ. पण तो तिथं कशाला आहे हे विचारलंस, ते बरोबर विचारलंस. त्या दिवशी वर्गात तो प्रश्न फक्त तुला पडला होता.